एरंडोलनंतर मुकटी

"एरंडोल... मुकटी..." आबा पुटपुटले
आणि ग्लुकोजच्या बाटलीवर माझा हात थांबला.

पारोळ्याचा दवाखाना, रात्रीचे सव्वादोन.
पंखा गरम हवाच ढवळत होता.
दाराशी भटू, त्यांचा मुलगा, एकच घोकत होता :
"आबाले ऊन लागनं, सिस्टर. बाटली लावा, बाटली."
मे महिन्यात इथं सगळ्यांनाच ऊन लागतं,
केसपेपरवर तेवढं लिहायला डोकं लागत नाही.

पण मी या माणसाच्या गाडीनं नर्सिंग शिकले.
तीन वर्षं, पुढून तिसरी सीट, धुळे-जळगाव.
फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी :
गावं त्यांच्या तोंडात
प्रार्थनेला उभ्या पोरांसारखी रांगेत असायची.
झोपेतून उठवलं असतं तरी उखर्डू कंडक्टरनं
मुकटी एरंडोलच्या पलीकडं नेऊन ठेवली नसती.

ताप नव्हता. जीभ ओली होती.
"कधीपासून असं?" मी सुनेला विचारलं.
परवा चहा नको म्हणाले, मळमळतंय.
काल सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावली,
मी हसले हो, ताई.
दुपारी ओट्यावरून उतरताना झोकांडी गेली.
संध्याकाळी मला सासूबाईंच्या नावानं हाक मारली,
त्या जाऊन सहा वर्षं झाली.

बीपीची गोळी?
चालू आहे, ती लघवी होणारी.
पाणी?
तांब्यामागं तांब्या. उन्हाळा आहे ना.
मीठ?

इथं प्रमिला जरा ताठ झाली.
"चार महिने बंद. डॉक्टर कमी करा म्हणाले, मी बंदच केलं.
कळण्याच्या भाकरीतसुद्धा चिमूट पडू दिली नाही.
म्हणायचे, मना तोंडले चव नही वं.
मी ऐकलं नाही."

मी तिच्याकडं पाहिलं नाही.
मागच्या वैशाखात पाच नंबरच्या कॉटवर झिपाबाई होती,
अशीच जांभया देत, अशीच गुंगीत.
नातू म्हणाला थकलीये,
मी म्हणाले झोपू दे.
पहाटे तिला झटके आले तेव्हा
माझ्या हातानं लावलेली साखरपाण्याची बाटली
अर्धी उतरली होती.
कुणी मला काही बोललं नाही.
रजिस्टरातही तसं काही नाही.

डॉक्टर तडवी बनियनवर शर्ट चढवत आले.
रक्त मोटारसायकलवर धुळ्याला गेलं.
साडेचारला फोन : सोडियम एकशे बारा.

भटूला आकडा कळेना.
म्हटलं, रक्तात पाणी फार झालंय, मीठ पातळ पडलंय,
आणि मेंदू फुगलाय, भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखा.
"मग मीठ द्या ना पटकन!"
पटकन नाही, भाऊ.
फुगलेलं घाईनं सुकवलं तर तडकतं,
आणि तडकलेलं आम्हाला सांधता येत नाही.

तीन टक्क्यांचं सलाइन, थेंब मोजून.
उजाडता उजाडता अँब्युलन्स निघाली धुळ्याकडं,
त्यांचाच रस्ता, उलट्या बाजूनं.
समोर प्रमिला, मांडीवर रिकामा डबा.
"मीठ कितलं टाकू मंग, ताई?"
मी बोट वर केलं : थांब.
मी मोजत होते.

मुकटीची पाटी गेली.
आबांनी मान वळवली, माझ्याकडं पाहिलं,
अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं,
पंच हातात असल्यासारखं.
"टिकिट लिधं का?"

हे भान परततंय की भ्रम बोलतोय,
सांगता येईना.
"लिधं, आबा," म्हटलं,
आणि पुन्हा पहिल्या थेंबापासून
मोजायला लागले.